बदलापूरचं फुकट घर, कुर्ल्याची खाट आणि अंधेरीचा क्लास

प्रश्न थोडक्यात असा. मुलगा सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातला. कलिन्याला मुंबई विद्यापीठात एम.ए. अर्थशास्त्राला प्रवेश मिळालाय, पण वसतिगृहाच्या पहिल्या यादीत नाव नाही. बदलापूरचा मामा म्हणतो, आमच्याकडेच राहा, भाड्याचं नाव काढू नकोस. बारावीपासूनचा मित्र कुर्ला पश्चिमेला राहतो. तिथे वन बीएचकेमध्ये तिघं आहेत आणि चौथी खाट रिकामी आहे. भाडं ३४ हजार, म्हणजे माणशी साडेआठ, शिवाय डिपॉझिटचे २५ हजार. अंधेरीच्या एका क्लासने अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवायला बोलावलंय. चार ते साडेआठ, आठवड्याचे सहा दिवस, महिना १२ हजार. घरून वडील ९ हजार पाठवू शकतात. कॉलेज ऑगस्टमध्ये सुरू होतंय. काय करू?

मी २२ वर्षं दादर-माटुंगा पट्ट्यातल्या एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या राहण्या-खाण्याची कामं पाहिली, त्यातली आठ वर्षं वसतिगृहाची रेक्टर होते. त्या खुर्चीत बसून शिकलेली गोष्ट एवढीच की घर, सोबती आणि नोकरी हे तीन प्रश्न सुटे सुटे सोडवता येत नाहीत. मुलं आधी घर पकडतात, मग नोकरी, आणि नोव्हेंबरात येऊन विचारतात, "मॅडम, अभ्यास कधी करायचा?" म्हणून आपण पैशांच्या आधी तास मोजू.

बदलापूर ते कुर्ला फास्ट गाडीने सव्वा तासाच्या आसपास. मामाच्या घरून स्टेशन, कुर्ल्याला उतरून सीएसटी रोडवरची बस किंवा शेअर रिक्षा, पूल चढणं-उतरणं हे सगळं धरलं तर दारापासून दारापर्यंत दोन तास. येऊन-जाऊन चार. महिन्याचे २४ दिवस धरले तर ९६ तास. कुर्ल्याच्या खोलीवरून तेच येणं-जाणं रोज सव्वा तासात होईल, म्हणजे महिन्याला ३० तास. फरक ६६ तासांचा. आता क्लास तुला काय देतोय ते बघ. रोज साडेचार तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ११७ तासांचे १२ हजार. तासाला १०० रुपयांच्या किंचित वर. या भावाने ६६ तासांची किंमत साडेसहा-पावणेसात हजार होते. म्हणजे मामाचं "फुकट" घर तुला महिन्याला साडेसहा हजारांना पडतं, फक्त ते पैसे कुणी हातात मागत नाही.

बदलापूरकर यावर म्हणतील की गाडीतले तास वाया जात नाहीत. बरोबर आहे. बदलापूरहून सुटणारी गाडी मिळाली तर बसायला जागा मिळते, आणि खिडकीशी बसून नेट-सेटचा अभ्यास केलेली मुलं मी पाहिलीत. पण ते सकाळचं. संध्याकाळी कुर्ल्याहून डाउन गाडीत चढायचं आणि डोंबिवलीपर्यंत एका पायावर उभं राहायचं, त्या सव्वा तासात कुणी केन्सचं अर्थशास्त्र वाचत नाही. म्हणून ९६ पैकी तीसेक तास अभ्यासाचे धर, त्याहून जास्त धरू नकोस.

आणि बदलापूर अधिक अंधेरीचा क्लास ही जोडी तर मनातूनच काढून टाक. साडेआठला क्लास सुटणार, मुलं शंका विचारत आणखी दहा मिनिटं थांबवणार. मग मेट्रोने घाटकोपर, तिथून गाडी, आणि घरी पोचेपर्यंत पावणेअकरा. मामी ताट झाकून बसलेली. सकाळी पावणेआठला पुन्हा बाहेर. हे तू तीन आठवडे करशील, तिसऱ्या आठवड्यात आजारी पडशील आणि चौथ्या आठवड्यात लेक्चर बुडवायला लागशील. ७५ टक्के हजेरीचा नियम मग मार्चमध्ये आठवतो.

मामाच्या घराबद्दल अजून थोडं बोलू, कारण "नातेवाईक आहेत ना मुंबईत" हे वाक्य गावाकडे फार सहज उच्चारलं जातं. तू लिहिलंयस की त्यांचंही वन बीएचकेच आहे आणि मामेबहीण यंदा दहावीला आहे. म्हणजे हॉलमध्ये तू झोपणार, टीव्ही बंद होईपर्यंत तुझं अंथरूण पडणार नाही, आणि पहाटे ती अभ्यासाला उठली की तुझी झोप मोडणार. कुणाचाच दोष नाही. मामा तोंडाने कधी काही बोलणार नाही. मामीला मात्र रोज दोन पोळ्या जास्त लाटाव्या लागतील, आणि ती गोष्ट दोन महिन्यांनी घरात वेगळ्या कुठल्या तरी निमित्ताने बाहेर येते. मी असे कित्येक मामा-भाचे बघितलेत जे पुढे लग्नाकार्यात एकमेकांशी बोलेनासे झाले. तरीही मी तुला मामाकडेच जा म्हणणार आहे, पण सहा आठवड्यांसाठी, आणि ते आधी सांगून. "गणपतीपर्यंत राहतो मामा, तोवर खोली बघतो." मुदत माहीत असलेला पाहुणा कुणालाही जड होत नाही. पैसे दिलेस तर ते घेणार नाहीत, अपमान वाटेल. गावाहून येताना घरच्या तांदळाचं पोतं आण, आणि बहिणीला रोज अर्धा तास गणित शिकव.

या सहा आठवड्यांत नोकरी करायची नाही. वेळापत्रक प्रत्यक्षात कसं चालतं हे कळायला तेवढा काळ लागतोच. कागदावर दहा ते तीन असलेलं कॉलेज कधी साडेपाचपर्यंत जातं, कधी साडेअकरालाच संपतं. वसतिगृहाच्या पुढच्या याद्याही याच काळात लागतात. पहिल्या यादीतली काही मुलं दुसरीकडे प्रवेश मिळाला म्हणून सोडून जातात आणि जागा रिकाम्या होतात. पण त्या यादीत नाव आलं हे पाहायला तू तिथे जात राहायला हवंस. दर दोन दिवसांनी कार्यालयात तोंड दाखवणाऱ्या मुलाचं नाव कारकुनाला पाठ होतं. रेक्टर म्हणून हे सांगू नये, पण खरं आहे.

तेवढ्याच काळात सरकारी योजनांचं बघून घे. तुझा प्रवर्ग तू लिहिलेला नाहीस, म्हणून सगळ्याच सांगते. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार, अनुसूचित जमातीसाठी स्वयम्, ओबीसी-भटके-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, आणि अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. स्वाधारमध्ये मुंबईसाठी वर्षाला ६० हजारांची तरतूद आहे: जेवणाचे ३२, राहण्याचे २० आणि निर्वाहाचे ८ हजार. उत्पन्नाची मर्यादा, कॉलेज गावाबाहेर असण्याची अट असं बरंच काही असतं, ते नीट वाच. एक गोष्ट अनुभवाची: हे पैसे वेळेवर येतील असं धरून भाडं ठरवू नकोस. आले की बोनस समज. आणि अर्जाला राहत्या जागेचा कागद मागतात. हा कागदाचा मुद्दा लक्षात ठेव, कुर्ल्याला पुन्हा येणारच आहे.

आता कुर्ला. जागा चांगली आहे. मध्य आणि हार्बर दोन्ही मार्ग, कलिना जवळ. पण खोली बघायला रविवारी दुपारी जाऊ नकोस. एकदा कामाच्या दिवशी रात्री नऊला जा आणि एकदा सकाळी सातला. रात्री गेल्यावर खालच्या रस्त्याचा आवाज, जिन्यातला उजेड आणि तिघं मुलं त्या वेळी काय करत असतात ते दिसेल. सकाळी गेल्यावर पाणी दिसेल. मुंबईत पाणी वेळेवर येतं आणि वेळेवर जातं. चौघांत एक संडास-बाथरूम आणि पाणी सकाळी तासभर, असं असेल तर साडेआठ हजारांत तू नेमकं काय विकत घेतोयस ते कळेल. टाकी आहे का, किती लिटरची, सोसायटी मोटर किती वाजता लावते, हे मित्राला फोनवर विचारू नकोस. नळ उघडून बघ.

ऑगस्टमध्ये घर बघण्याचा एक फायदा म्हणजे पाऊस सगळं उघडं पाडतो. छताच्या कोपऱ्यात ओल, कपाटामागे बुरशी, खिडकीतून झिरपणारं पाणी. कुर्ला पश्चिमेचा बराच भाग मिठी नदीच्या अंगाला आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा त्या भागातल्या तळमजल्यांचं काय झालं हे तिथल्या कुठल्याही जुन्या दुकानदाराला विचार. त्या रात्री माझ्या वसतिगृहातल्या ११ मुली परतल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी रुळांवरून चालत एकेक आली. तेव्हापासून मी तळमजल्याची खोली कुणालाच सुचवत नाही, कितीही स्वस्त असली तरी.

त्यानंतर सगळ्यात महत्त्वाचं: करार कुणाच्या नावावर आहे? तू त्याबद्दल एक शब्दही लिहिलेला नाहीस. बहुतेक वेळा असं असतं की एका मुलाच्या नावावर लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीचा भाड्याचा करार, आहे, बाकीचे "त्याचे मित्र" म्हणून राहतात, आणि डिपॉझिट नव्या मुलाने जाणाऱ्या मुलाला द्यायचं अशी साखळी चालू असते. म्हणजे तुझे २५ हजार मालकाकडे जाणारच नाहीत. तुझ्या आधीच्या मुलाच्या खिशात जातील, आणि उद्या मालकाने घर रिकामं करायला सांगितलं तर तो त्याच्या हिशोबाने, भिंतीचा रंग आणि तुटलेला गीझर कापून, करारातल्या मुलाला पैसे देईल. तू कोण, हे त्याला माहीतही नसेल.

महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर उलटं सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. म्हणजे नोंदणी टाळणारा मालक स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेत असतो. अकरा महिन्यांच्या करारालाही ही नोंदणी लागते. "अकरा महिन्यांचा आहे, नोटरी पुरे" असं एजंट म्हणाला तर त्याला हे कलम सांग.

खर्चाचं कारण देतील, म्हणून तोही हिशोब मांडते. ३४ हजार गुणिले ११, म्हणजे ३ लाख ७४ हजार. डिपॉझिट एक लाख, त्यावर वर्षाला १० टक्क्यांनी अकरा महिन्यांचं व्याज धरतात, ते साधारण ९ हजार. दोन्ही मिळून ३ लाख ८३ हजार. त्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे हजाराच्याही आत. नोंदणी फी महापालिका हद्दीत एक हजार. चौघांत वाटलं तर माणशी पाचशे-सहाशे. एजंट घरी येऊन अंगठ्याचे ठसे घेण्याचे पैसे वेगळे लावतो, ते घासाघीस करून ठरव. हे सगळं ऑनलाइन होतं. मालकाने भाडेकरूंची माहिती पोलिसांना द्यायची असते, तीही ऑनलाइन देता येते.

चालू करारात तुझं नाव मध्येच घुसवणं अवघड आहे. म्हणून विचार की करार संपतोय कधी. दोन-तीन महिन्यांत संपत असेल तर तोवर मालकाकडून व्हॉट्सअॅपवर तरी "अमुक मुलगा अमुक तारखेपासून राहतोय, त्याचे इतके डिपॉझिट जमा" एवढं लिहून घे, पैसे रोख न देता यूपीआयने दे, आणि नव्या करारात चौघांची नावं घाला. करार संपायला आठ-नऊ महिने असतील आणि मालकाला तुझ्याबद्दल सांगायचंच नसेल, तर ती खाट घेऊ नकोस. कारण अशा घरात सोसायटीच्या सेक्रेटरीने एकदा आवाज चढवला की सगळ्यात शेवटी आलेल्याची बॅग सगळ्यात आधी बाहेर जाते. करारात नाव असलं की योजनेच्या अर्जाला कागद मिळतो आणि कॉलेजात पत्ता बदलता येतो.

दोन जागांपासून लांब राहा. एक, पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन जुन्या भाड्यावर घेतलेल्या खोलीत पोटभाडेकरू म्हणून. भाडेकरूलाच मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला ठेवून घ्यायचा हक्क नसतो, तर तुझा कुठून येणार? दुसरी, झोपडपट्टी पुनर्वसनातली घरं. ती मिळाल्यापासून काही वर्षं भाड्याने देण्यावर बंदी असते, तरी सर्रास दिली जातात. तपासणी आली की रातोरात बाहेर. आणि ऑनलाइन जाहिरातीतला "मी सैन्यात आहे, घर बघायला गेट पाससाठी आधी पैसे पाठवा" म्हणणारा माणूस सैन्यात नसतो, आणि ते घरही त्याचं नसतं.

कुर्ला जमलंच नाही तर घाबरू नकोस. हार्बरवर चेंबूर, चुनाभट्टी, टिळकनगर बघ. नवी मुंबईत कोपरखैरणे, घणसोलीत माथाडी कामगारांच्या वसाहती आहेत, तिथे अर्धा सातारा-सांगली जिल्हा भेटेल. खोल्या त्यामानाने परवडतात, पण कलिन्याला यायला गाडी बदलावी लागते. आणखी एक जुना मार्ग आहे जो तुमच्या पिढीला सुचतच नाही: गावाची खोली. गिरणगावात, माझगाव-डोंगरीत कितीतरी गावांच्या ग्रामस्थ मंडळांच्या खोल्या आजही आहेत. एकेका खोलीत पंधरा-वीस पेट्या, भिंतीला वळकट्या, महिन्याची नाममात्र वर्गणी. तुझ्या गावाची असेल तर गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला माहीत असेल. तिथे अभ्यास होणार नाही. दहाला दिवा बंद, आणि केईएम किंवा टाटाला दाखवायला आलेला पेशंट कधीही उशाशी येऊन झोपतो. पण कलिन्याच्या आवारातल्या जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात दिवस काढून फक्त झोपायला तिथे जाणारा एक मुलगा माझ्या माहितीत आहे. तो आज सरकारी महाविद्यालयात शिकवतो.

सोबत्यांबद्दल तुला जरा नावडतं बोलते. "माझा बारावीपासूनचा मित्र आहे" हे कारण मला सगळ्यात कच्चं वाटतं. मैत्री आणि एकत्र राहणं या वेगळ्या विद्या आहेत. शाळेपासून एका बाकावर बसलेल्या दोन मुली माझ्यासमोर वेगळ्या झाल्या, त्या कुकरच्या शिट्टीवरून. एक पहाटे साडेपाचला डाळ लावायची, दुसरी रात्री दोनला झोपायची. दोघीही गुणी, दोघीही रडत होत्या. त्यानंतर मी खोल्या वाटताना एकच गणित लावायला लागले: झोपायची वेळ सारखी हवी आणि आंघोळीची वेळ वेगळी हवी. बाकी जात-गाव-विषय काहीही असू दे. या गणिताने जुळवलेल्या खोल्यांमधून तक्रारी निम्म्याहून कमी आल्या.

तुझ्या कुर्ल्याच्या घरात एक जण रात्रपाळी करतो असं तू ओझरतं लिहिलंयस. तीच खरी बातमी आहे. तो दिवसा बेडरूममध्ये झोपणार, म्हणजे दिवसा बेडरूम बंद. तू हॉलमध्ये. तो पहाटे सहाला घरी येणार, बेल वाजवणार किंवा लॅच उघडणार, दिवा लावणार. तुझी खाट हॉलमध्ये दाराजवळ आहे की आत? भाडं मात्र सगळ्यांचं सारखं साडेआठ का? हॉलमध्ये झोपणाऱ्याने सात आणि बेडरूमवाल्यांनी नऊ द्यावेत, हे मागायला लाजू नकोस. आधी मागितलं तर तो व्यवहार ठरतो, तीन महिन्यांनी मागितलं तर भांडण.

आत शिरण्याआधी चौघांनी एकदा चहाला बसून चार गोष्टी बोलून घ्या. घरात कोण येणार, किती वाजेपर्यंत, मुक्कामाला की नाही. दारू-सिगारेटचं काय. बाई लावायची की पाळ्या, आणि पाळ्या असतील तर बाथरूम कोण घासणार. याच मुद्द्यावर सगळी समता संपते. आणि मध्येच कुणी सोडून गेलं तर त्याचं भाडं कोण भरणार. याला मुंबईच्या मुलांनीच काढलेला चांगला नियम आहे: जाणाऱ्याने महिनाभर आधी सांगायचं आणि बदली माणूस आणायचा, पण तो बाकीच्यांना पसंत पडला पाहिजे. हे चार ओळींत ग्रुपवर टाकून ठेवा. खर्चाचं अॅप वापरा किंवा फ्रीजवर वही टांगा, मला फरक पडत नाही. फक्त विजेचं बिल, इंटरनेट आणि गॅस हे तीन खर्च तीन वेगळ्या जणांच्या नावावर वाटून द्या. सगळं एकाच्या गळ्यात पडलं की तो मुलगा सहा महिन्यांत घरातला सावकार होतो.

मुलींसाठी एक भर घालते, कारण हे वाचणाऱ्यांत त्याही असतील. खोलीच्या भाड्याइतकंच स्टेशनपासून घरापर्यंतच्या शेवटच्या दहा मिनिटांना महत्त्व द्या. रात्री साडेनवाला तो रस्ता एकदा स्वतः चालून बघा. दुकानं उघडी असलेला गजबजलेला रस्ता शांत, झाडांच्या गल्लीपेक्षा केव्हाही चांगला. पेइंग गेस्ट म्हणून राहणार असाल तर येण्याची वेळ, स्वयंपाकघर वापरायची मुभा आणि भेटायला आई आली तर ती राहू शकते का, हे तिन्ही आधी विचारा. मी स्वतः विद्यार्थिदशेत गिरगावात कॉट बेसिसवर, म्हणजे नुसती खाट भाड्याने घेऊन, राहिले होते. आई ऑपरेशनसाठी आली तेव्हा घरमालकीणबाईंनी तिला एक रात्रही ठेवू दिलं नाही, आणि मी सोडलं तेव्हा डिपॉझिटही अर्धंच दिलं. कागद नव्हता. दोष अर्धा माझाच.

आता नोकरी. तू सातारा जिल्ह्यातला, "कमवा आणि शिका" हे शब्द कर्मवीर भाऊराव पाटलांमुळे तुला शाळेपासून माहीत असणार. मुंबईतही ही परंपरा जुनी आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं, तेव्हा वर्ग सकाळी ठेवले होते, नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून. पण बघ, तिथे कॉलेजने नोकरीसाठी स्वतःची वेळ बदलली होती. तुझं कॉलेज तुझ्यासाठी वेळ बदलणार नाही, क्लासही बदलणार नाही. दोघांच्या मध्ये पिळला जाणार तू.

म्हणून आधी विचार, तुला पैसे किती हवेत? कुर्ल्याचं भाडं साडेआठ हजार. वीज-इंटरनेट-बाईचा वाटा एक हजार. दोन वेळचा डबा आणि चहा-नाश्ता पाच हजार धर. घरी कुकर लावलात तर कमी. प्रवास, फोन, झेरॉक्स, केस कापणं असं सगळं दीड हजार. झाले १६ हजार. वडील ९ देतात. तुटीचे सात. मग १२ हजारांची नोकरी कशाला? सात हजारांची बघ. तुझ्या क्लासच्याच भावाने सात हजारांना महिन्याचे ७० तास लागतात, आठवड्याचे सोळा. क्लासचे तीन दिवस म्हणजे आठवड्याला साडेतेरा तास, महिन्याला सहा हजार. उरलेल्या हजारासाठी शनिवारी-रविवारी जवळपास दहावी-बारावीची एखादी घरगुती शिकवणी घे. शिकवणीचा तासाचा दर क्लासपेक्षा बहुतेक चांगलाच असतो, कारण मध्ये क्लासचालक नसतो. पहिली मिळायला वेळ लागतो, दुसरी आपोआप येते, कारण सोसायटीतल्या आया एकमेकींशी बोलतात. वर पाच हजार मिळतील म्हणून सहा दिवस जाणं म्हणजे पदव्युत्तर पदवी पाच हजारांना गहाण ठेवणं.

मामाकडे राहण्याच्या सहा आठवड्यांत वडिलांच्या पैशांतले आठ-नऊ हजार बाजूला पडतील. डिपॉझिटचा तिसरा हिस्सा तिथेच निघाला. उरलेले घरून एकदाच माग, आणि ते परत येणारे पैसे आहेत हे वडिलांना समजावून सांग. कागद असेल तर येतील.

क्लासशी बोलताना तीन गोष्टी. मूळ गुणपत्रिका किंवा दाखला कुणाच्याही ताब्यात द्यायचा नाही, झेरॉक्स द्यायची. पगार कुठल्या तारखेला, आणि मधेच सोडलं तर चालू महिन्याचे पैसे मिळणार का, हे मेसेजवर घ्यायचं. आणि तुझ्या परीक्षेची सुट्टी आधीच सांगून ठेवायची. तुझी सत्रान्त परीक्षा आणि बारावीच्या मुलांचा सराव परीक्षांचा हंगाम दोन्ही वर्षअखेरीला येतात. नेमक्या त्या पंधरवड्यात क्लासचालक म्हणेल, "सर, आत्ता नको ना सुट्टी." तेव्हा दाखवायला जुना मेसेज हवा.

डिलिव्हरीचं काम मुलं करतात, मी त्याला नावं ठेवत नाही. पण पेट्रोल, गाडीची झीज आणि पावसाळ्यातले रस्ते वजा केल्यावर हातात काय राहतं हे सध्या ते काम करणाऱ्या मित्राकडून महिनाभराच्या आकड्यांत ऐक, त्याच्या एका चांगल्या रविवारच्या आकड्यात नको. विभागात प्राध्यापकांच्या प्रकल्पाचं सर्वेक्षण, आकडे भरणं असं काम निघतं. पैसे थोडे, पण जागेवरच आणि पुढे उपयोगाचं. तुमच्या नव्या अभ्यासक्रमात दुसऱ्या सत्रात ऑन जॉब ट्रेनिंगचे चार श्रेयांक आहेत. ते करताना मिळालेली ओळख पुढच्या वर्षीची अर्धवेळ नोकरी होऊ शकते, म्हणून त्या वेळी क्लासच्या बेड्या पायात नकोत.

एका बाबतीत मात्र मी रागावूनच बोलते. "घरबसल्या डेटा एंट्री, आधी नोंदणी फी" हे तुम्हाला आता कळतं. टेलिग्रामवर व्हिडिओला लाइक करून पैसे, हेही बऱ्याच जणांना कळतं. कळत नाही ते हे: "तुझं बँक खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो." खोलीवरचाच कुणी ओळखीचा हे विचारतो, आणि हात तंग असलेला मुलगा एटीएम कार्ड आणि सिम काढून देतो. त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरतात, खातं गोठतं, आणि दुसऱ्या राज्यातले पोलीस पत्ता शोधत कॉलेजात येतात. माझ्या शेवटच्या दोन वर्षांत अशा दोन मुलांबरोबर मी पोलीस ठाण्यात बसले आहे. एकाची शिष्यवृत्ती त्याच गोठलेल्या खात्यात अडकली होती. कार्ड, सिम, पासबुक कुणालाही द्यायचं नाही, मामाच्या मुलालासुद्धा.

तर आता पुढच्या आठवड्यात करायची कामं. मामाला गणपतीपर्यंतचं सांग. मित्राला फोन करून कराराचा फोटो माग. दोन दिवस टोलवाटोलवी केली तर उत्तर मिळालंच. आणि अंधेरीच्या क्लासवाल्यांना थेट विचार: गणपतीनंतर सुरू करतो, आठवड्याचे तीन दिवस, चालेल का? नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नकोस. अंधेरी स्टेशनबाहेर उभा राहून वर बघ, त्याच रस्त्यावर आणखी चार क्लासच्या पाट्या दिसतील.